आगीचा धूर उपग्रहातून कसा बघायचा

भूगोलाच्या वर्गात मी जयपूरचं उदाहरण घेते. सीतापुऱ्यातल्या तेलडेपोला २९ ऑक्टोबर २००९ला संध्याकाळी आग लागली.

उपग्रहांची रोजची चित्रं दाखवणारं 'नासा वर्ल्डव्ह्यू' हे संकेतस्थळ उघडून ३० ऑक्टोबर ही तारीख लावा. तेव्हा टेरा उपग्रह सकाळी साडेदहाच्या सुमारास वरून जायचा, ॲक्वा उपग्रह दुपारी दीडच्या. दोन्ही चित्रं ताडून पाहा, धूर कुठे सरकला ते कळतं. ढग पांढरा, तेलाचा धूर काळपट.

अलीकडच्या आगींसाठी 'कोपर्निकस ब्राउझर' या युरोपीय संकेतस्थळावर सेंटिनेल-५पी उपग्रहाचा एरोसोल इंडेक्स, म्हणजे हवेतल्या सूक्ष्म कणांचा निर्देशांक, पाहा. काजळी अतिनील किरण शोषते, म्हणून आकडा शून्याच्या वर चढतो.

पण धूर जमिनीलगत आहे की उंचावर, हे त्यावरून कळत नाही. म्हणून मुलांना बजावते: चित्र स्वच्छ दिसलं तरी धुरामुळे घर सोडलेल्या कुणाला घरी परत जा म्हणू नका, आधी जमिनीवरच्या हवामापन केंद्राचे आकडे बघा.