वयाचा अंदाज बांधताना या चुका टाळा

आरोग्य शिबिरात किंवा घरोघरच्या नोंदणीत वयाचा रकाना आला, की बरेच कार्यकर्ते समोरच्या चेहऱ्यावर नजर टाकतात आणि आकडा लिहून मोकळे होतात. खानदेशात ही घाई गरिबाला भोवते. गरीब म्हाताऱ्यांना पेन्शन देणाऱ्या श्रावणबाळ योजनेला 65 पूर्ण लागतात. यादीत 58 पडले, तर ती म्हातारी दारातच अडते.

सगळ्यात मोठी चूक चेहऱ्यावर भिस्त ठेवण्याची. रावेर-यावलच्या केळीत नाहीतर कापूस वेचणीत जन्म घालवलेल्या बाईच्या डोळ्यांच्या कडेला चाळिशीतच सुरकुत्यांचं जाळं दिसतं. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्वचेतलं कोलॅजन तुटतं, ती जाड आणि राठ होते. बीपीचा पट्टा बांधताना दंडाची आतली बाजू दिसतेच, ती नीट बघा. ऊन न लागलेली ती कातडी आणि रापलेलं मनगट यांत दहा-पंधरा वर्षांचं अंतर वाटतं. केसांचंही तसंच: आनुवंशिकतेने किंवा बी-12 कमी असल्याने तिशीच्या आत पिकतात, आणि काळी मेहंदी लावून साठीतही काळे राहतात. मिश्री-तंबाखूने गेलेल्या दातांवरून तर काही ठरवूच नका.

दुसरी चूक सरळ विचारून सरळ लिहिण्याची. "तुमनं वय कितलं शे, माय?" म्हटलं की "साठ व्हई" असं गोल उत्तर येतं. त्यापेक्षा प्रसंग धरा. 1972 च्या दुष्काळात तुम्ही काय करत होता? "मातीच्या पाट्या उचलायचे, लग्न व्हायचं होतं," असं आलं तर तेव्हा तेरा-चौदा धरा. जन्म 1958-59 चा. मग 1984 ला इंदिरा गांधी गेल्या तेव्हा घरात किती लेकरं होती, हे विचारून ताडून घ्या. दोन्ही हिशेब जुळले तरच आकडा लिहा. "तेव्हा लग्न झालं होतं ना?" असं मात्र विचारू नका. मान ठेवायला माणसं हो म्हणून जातात.

कागद असला म्हणजे झालं, असंही नाही. जुन्या शाळेच्या दाखल्यावर 1 जून दिसला की समजा, गुरुजींनी अंदाजाने घातलेली तारीख असू शकते. आधार हा वयाचा पुरावा नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानेही 2024 मध्ये म्हटलं आहे.

लेकरांच्या बाबतीत चूक जिवावर बेतते. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याकडे तीन वर्षांचं खुरटलेलं पोर दोनचं वाटतं. रकान्यात दोन लिहिलं की त्याचं वजन वयाच्या मानाने बरं दिसतं आणि कुपोषण कागदावरून गायबच होतं. आईला सण विचारा: होळीच्या आधी झालं की आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर)? श्रावणात कानबाई देवी बसली तेव्हा पोटात होतं का? सगळे वीस दुधाचे दात साधारण अडीच-तीन वर्षांपर्यंत येतात, पण उपाशी पोराचे उशिरा येतात, म्हणून दात फक्त पडताळणीपुरते. तरीही वय पक्कं होत नसेल, तर "अंदाजे" असं लिहा आणि पोर सहा महिने ते पाच वर्षांतलं असेल तर दंडाला टेप लावा. घेर 11.5 सेंटिमीटरच्या खाली भरला, तर वयाचा घोळ नंतर सोडवा, पोराला त्याच दिवशी दवाखान्यात पाठवा.