शेडचं स्टील उभारताना या चुका टाळा

शेड पूर्ण झाल्यावर जेवढी भक्कम असते, त्याच्या निम्मीही ती उभारताना नसते. कॉलम उभे, राफ्टर (छताचे तिरके बीम) चढलेले आणि ब्रेसिंग (सांगाडा कलू नये म्हणून लावायचे तिरके आधार) 'उद्या लावू' म्हणून जमिनीवर. दुपारी खारा वारा सुटला की हा सांगाडा पत्त्यांसारखा एका दिशेला कलतो. मे महिन्यात, पावसाआधी पत्रा चढवायच्या घाईत, हे फार होतं. एक बे, म्हणजे कॉलमच्या दोन ओळींमधला गाळा, आधी पूर्ण करा: कॉलम, राफ्टर, पर्लिन (पत्रा ज्यावर बसतो त्या आडव्या पट्ट्या), छताचं आणि बाजूचं दोन्ही ब्रेसिंग, ओळंबा. मगच पुढची. तोवर गाय रोप, म्हणजे कॉलमला ताण देऊन बांधलेले दोर, काढायचे नाहीत, गाडी आत घ्यायला अडचण होत असली तरी.

कॉलमच्या चारही अँकर बोल्टना (पायाच्या काँक्रीटमध्ये रोवलेल्या बोल्टना) नट घट्ट बसल्याशिवाय क्रेनचा हुक सोडू नका. बीमच्या प्रत्येक टोकाला किमान दोन बोल्ट पान्याने आवळलेले हवेत. भोक जुळत नसेल तर पोडगर, म्हणजे एका टोकाला निमुळता होत गेलेला पाना, घाला. बोट घालून चाचपणारा खलाशी (स्टील चढवणारा कामगार) बोट गमावतो. बेस प्लेटचं (कॉलमच्या तळाच्या पत्र्याचं) भोक गॅस कटरने मोठं करायची सवय तर सर्रास आहे. त्याआधी डिझायनरला विचारा. खरं तर टेम्पलेटवर (भोकं पाडलेल्या साच्यावर) बोल्टची जागा काँक्रीट ओततानाच तपासली, तर ही वेळच येत नाही.

क्रेनखालची जमीन जांभ्याची आहे की जांभ्याचा भराव आहे, हे आधी पाहा. वरून दोन्ही लालच दिसतात. भराव पाऊस पिऊन बसतो. आउटरिगरवर (क्रेनच्या बाहेर काढलेल्या आधाराच्या पायावर) २० टन आले आणि त्याखालचा पॅड अर्धा मीटर बाय अर्धा मीटर असेल, तर दाब चौरस मीटरला ८० टन होतो. एक मीटर बाय एक मीटरच्या ताठ पॅडवर २०. चराच्या कडेपासून किमान चराच्या खोलीएवढं लांब राहा. लिफ्ट चालू असताना पॅड खचतोय का, हे बघायला एक माणूस तिथेच ठेवा.

स्लिंग, म्हणजे भार उचलायचा पट्टा किंवा दोर, आडवी पसरली की तिच्यावरचा भार वाढतो. एक टनाचा बीम दोन पायांच्या स्लिंगने उचलताना आडव्याशी ६० अंशांचा कोन असेल तर प्रत्येक पायावर ५७७ किलो, ४५ अंशांत ७०७, आणि ३० अंशांत पुरता एक टन. लांब स्लिंग आणायचा कंटाळा इथे महागात पडतो.

पत्र्याचं गणित वेगळं. ताशी ३६ किलोमीटरच्या वाऱ्यात आठ मीटर लांब, एक मीटर रुंद पत्र्यावर जवळपास ५० किलोचा रेटा येतो. वजन उचलायला क्रेनला काही वाटत नाही, पण टॅग लाइन (लटकता भार आवरायचा दोर) धरणारा माणूस मात्र ओढला जातो. पत्रा सकाळी चढवा, दवाने ओले पर्लिन वाळल्यावर.

हार्नेस (उंचीवर काम करताना अंगात घालायचा सुरक्षा पट्टा) घातला म्हणजे काम झालं, असं नाही. हुक पायाशी अडकवला तर १.८ मीटर दोरी, शॉक ॲब्सॉर्बर (धक्का झेलणारा भाग) उघडून १.७५ मीटरपर्यंत, माणसाची उंची आणि मोकळी जागा धरून खाली सहा मीटर लागतात. साडेचार मीटरच्या बीमवरून पडणारा जमिनीवरच आदळेल. लाइफलाइन (हुक अडकवायचा दोर) डोक्याच्या वर बांधा. लटकलेल्याला काही मिनिटांत खाली कसं आणायचं, तेही आधी ठरवा.

बोल्टचे खोके उघडे टाकू नका. खाऱ्या हवेत नट गंजतो, टॉर्क रेंच (ठरावीक पिळापर्यंत आवळणारा पाना) 'टक्' वाजतो, पण जोर घर्षणातच जातो आणि बोल्ट सैलच राहतो. नट हाताने सरसर फिरत नसेल तर तो संच बाजूला काढा. ग्रीस फासून वेळ मारून नेऊ नका, त्याने टॉर्कचा हिशेबच बदलतो.