प्रिंटर घेण्याआधी शाईचा हिशेब मांडा
घरासाठी इंकजेट घेताना प्रिंटरच्या किमतीवर भाळू नका, शाईची किंमत आधी विचारा. कार्ट्रिजच्या किंवा बाटलीच्या किमतीला तिच्या ‘पेज यील्ड’ने, म्हणजे तेवढ्या शाईत निघणाऱ्या पानांच्या संख्येने, भागलं की एका पानाचा खर्च कळतो. स्वस्त प्रिंटरचं लहान काळं कार्ट्रिज जेमतेम 100-150 पानं चालतं, म्हणजे पानामागे काही रुपये गेले. एप्सनच्या इंक टँक, म्हणजे बाटलीतून टाकीत शाई ओतायच्या, प्रिंटरची ‘003’ काळी बाटली 65 मिलीची, कंपनीच्या हिशेबाने साधारण 4500 पानांची. तिथे पान पैशांत पडतं. अर्थात हे आकडे साध्या मजकुराचे, फोटो छापले तर शाई भराभर संपते.

मुलांच्या वर्कशीट, प्रोजेक्ट, आधार-पॅनच्या कॉप्या असं काही ना काही दर आठवड्याला निघत असेल तर टाकीवालाच घ्या. वर्षाकाठी चार पानं लागणार असतील तर कोपऱ्यावरचं झेरॉक्सचं दुकान परवडलं.

घेतल्यावर आठवड्यातून एखादं रंगीत पान काढाच, नाहीतर हेडच्या नोझलमध्ये, म्हणजे शाई फवारणाऱ्या बारीक छिद्रांत, शाई सुकते आणि ती साफ करायला (हेड क्लीनिंग) बरीच शाई वाया जाते. बंद करताना आधी प्रिंटरचं बटण दाबा, मग भिंतीवरचा स्विच. नाहीतर हेड जागेवर जाऊन झाकलं जात नाही.