इंग्लंडमधल्या खेड्याचा इतिहास शोधायचा असेल तर

आधी खेडं नव्हे, पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला भाग) शोधा. जुनी दप्तरं चर्चच्या हद्दीप्रमाणे ठेवलेली आहेत आणि एका पॅरिशमध्ये अनेक वस्त्या असू शकतात. डर्बीशरमधलं ईम प्लेगमुळे गाजलेलं. शेजारचं फूलो जुन्या काळी त्याच पॅरिशमध्ये होतं. डर्बीशरचं अभिलेखागार मॅटलॉकला आहे.

मग अलीकडून मागे जा. १९२१ च्या जनगणनेपासून दर दहा वर्षांनी १८४१ पर्यंत. १८४१ मध्ये पंधरा वर्षांवरच्यांची वयं सहसा पाचाच्या पटीत खाली आणून लिहिली आहेत: ३९ चा माणूस ३५ चा दिसतो. जन्मसाल १८५१ च्या यादीशी ताडूनच ठरवा. तिथे जन्मगावही मिळतं.

जमिनीसाठी १८४० च्या आसपासचे दशांश कराचे (चर्चला द्यायच्या उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शाचे) नकाशे पाहा. सोबतच्या तक्त्यात प्रत्येक शेताचा क्रमांक, मालक, कसणारा आणि क्षेत्रफळ असतं. ते एकर, रूड, पर्च यांत. ४० पर्चचा रूड, ४ रूडांचा एकर. म्हणजे ४ पर्च बरोबर आपला एक गुंठा. नकाशा नसेल, तर तिथला दशांश कर बहुधा आधीच सामायिक जमिनीच्या वाटणीत मिटलेला असतो. त्या वाटणीचा निवाडा मागवा.

बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदी ठेवण्याचा हुकूम १५३८ चा, पण इतक्या जुन्या वह्या थोड्याच ठिकाणी उरल्या. पानं गहाळ असतील तर बिशपकडे दरवर्षी जाणारी नक्कल पाहा. बाप्तिस्म्याची तारीख जन्मतारीख समजू नका.

सर्वांत जास्त चुका सालात होतात. १७५१ पर्यंत इंग्लंडमध्ये कायद्याने वर्ष २५ मार्चला सुरू होई. ईममधली साथ सप्टेंबर १६६५ मध्ये शिंप्याच्या घरी जॉर्ज विकर्स दगावला तिथून सुरू झाली. जुन्या पद्धतीने लिहिलेला 'फेब्रुवारी १६६५' म्हणजे आपला फेब्रुवारी १६६६. हे विसरलात तर साथीच्या मधली दफनं साथीच्या आधी जाऊन बसतात. एलिझाबेथ हॅन्कॉकने ऑगस्ट १६६६ मध्ये आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं पुरली. अशा गावात एकेका तारखेची किंमत मोठी आहे. टिपणात दोन्ही सालं लिहा: १० फेब्रुवारी १६६५/६६. शिवाय सप्टेंबर १७५२ मध्ये २ तारखेनंतर थेट १४ आली, म्हणून मधल्या अकरा दिवसांच्या नोंदी शोधत बसू नका.