नागीण गेली, ठणका राहिला: या चुका टाळा

नागिणीचे फोड साधारणपणे दोन ते चार आठवड्यांत खपली धरून सुकतात. परंतु काही रुग्णांच्या बाबतीत त्याच जागी आग, ठणका किंवा अंगावरचा सदराही सोसवू नये अशी कळ तीन महिन्यांनंतरही टिकून राहते. कांजिण्यांचा विषाणू आजार बरा झाल्यावरही चेतापेशींच्या गाठींत दडून असतो. तो पुन्हा उसळला की नागीण होते; तेव्हा तो ज्या चेतातंतूच्या वाटेने त्वचेपर्यंत येतो त्यालाच इजा करतो, आणि त्वचा भरून आली तरी ती इजा भरून येईलच असे नाही. वय पन्नाशीपलीकडचे असल्यास, सुरुवातीलाच वेदना तीव्र असल्यास किंवा फोड दाट असल्यास हा धोका वाढतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे पहिले तीन दिवस वाया घालवणे. काव किंवा दुर्वा-तांदळाचा लेप लावून पाहणे, कुणाकडून तरी नागीण ‘उतरवून’ घेणे, यात हेच दिवस निघून जातात. आणि नागीण बहुधा आपोआप सुकत असल्यामुळे श्रेयही त्या लेपालाच मिळते. फोडांचा पट्टा अंगाभोवती फिरून नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस दगावतो, ही समजूतही निराधार आहे. एका बाजूच्या चेतातंतूचा पट्टा शरीराच्या मध्यरेषेपाशी थांबतो, म्हणून फोडही बहुधा एकाच बाजूला राहतात. अ‍ॅसायक्लोव्हिर किंवा व्हॅलासायक्लोव्हिर या विषाणूरोधक गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्यास नवे फोड लवकर थांबतात आणि सुरुवातीच्या वेदना कमी होतात. मागे राहणारी कळ त्यांनी हमखास टळते असे मात्र सिद्ध झालेले नाही. ७२ तास उलटले म्हणून डॉक्टरांकडे जाणे टाळू नये; नवे फोड येत असल्यास तेव्हाही उपचार दिले जातात. कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड असल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.

गोळ्यांऐवजी केवळ अ‍ॅसायक्लोव्हिरचे मलम चोळत बसणे, बरे वाटताच सात दिवसांचा क्रम अर्धवट सोडणे आणि मूत्रपिंडाचा विकार डॉक्टरांपासून लपवणे, याही नेहमीच्या चुका आहेत. मूत्रपिंडाच्या क्षमतेनुसार या गोळ्यांची मात्रा बदलावी लागते. स्टेरॉइडने नंतरची कळ टळते, हाही गैरसमजच.

वेदना ‘सोसली पाहिजे’ असे मानून ज्येष्ठ मंडळी गप्प राहतात, हे मला विशेष खटकते. चेतातंतूची वेदना नेहमीच्या वेदनाशामकांना फारशी दाद देत नाही. तिच्यासाठी गॅबापेन्टिन, प्रीगॅबालिन किंवा अ‍ॅमिट्रिप्टिलिन अशी वेगळी औषधे आहेत. त्यांनी गुंगी येऊन तोल जाण्याची भीती असल्याने मात्रा हळूहळू वाढवतात, आणि थांबवतानाही ती टप्प्याटप्प्यानेच कमी करावी लागते.

प्रतिबंधाचा खरा भरवशाचा मार्ग लसीचा आहे, आणि तिचा विचार लोक नागीण होऊन गेल्यावर करतात. ‘शिंग्रिक्स’ ही लस भारतात २०२३ पासून मिळते. पन्नाशीनंतर दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने तिचे दोन डोस घेतात. ती महाग आहे, त्यामुळे काहीजण एका डोसवरच थांबतात. नागीण अंगावर असताना ही लस उपचार म्हणून उपयोगी पडत नाही. फोड पूर्ण बरे झाल्यानंतर मात्र, आधी नागीण होऊन गेलेल्यांनाही ती घेता येते.