नर्सिंगच्या पोरांना विचारायला कसं शिकवायचं

पेशंटच्या चालीरीती-श्रद्धा कशा सांभाळायच्या हा विषय बऱ्याच कॉलेजात एका लेक्चरमध्ये उरकतात, मुस्लिम पेशंट असेल तर हे करा, जैन असेल तर रात्री जेवण नाही, पोरं लिहून घेतात आणि पेपरात जसंच्या तसं उतरवतात. ही यादीबाजी पहिली बंद करा. १९९८ साली मेलानी टर्व्हलॉन आणि जॅन मरे-गार्सिया या दोन अमेरिकन डॉक्टरांनी कल्चरल ह्युमिलिटीची कल्पना मांडली त्याचं मूळ इथेच आहे, दुसऱ्याची संस्कृती शिकून संपत नाही, स्वतःलाच तपासत राहावं लागतं.

सुरुवात घरापासून करा. तुमच्याकडे बाळंतिणीला काय वर्ज्य असतं, बाळाला पहिलं काय चाटवतात, दृष्ट कशी काढतात, हे वहीत लिहायला लावा. निम्म्या वर्गात मध निघतो, आणि बाळ वर्षाचं होईपर्यंत मध द्यायचा नाही हे त्याच पोरांनी आदल्या आठवड्यात पाठ केलेलं असतं. मग विचारा, तुझ्या आजीला वॉर्डात कोणी अडाणी म्हटलं तर चालेल का? तिथे जरा थांबा, लगेच पुढचा टॉपिक घेऊ नका.

मग रोल प्ले. ओटीला (ऑपरेशन थिएटरला) न्यायचंय, मंगळसूत्र काढायचंय, एक जण पेशंट एक सासू. पहिल्या फेरीत हमखास "काढा हो लवकर, रूल आहे" येतं. दुसऱ्या फेरीत आधी कारण सांगायचं (कॉटरी, म्हणजे ऑपरेशनमधलं विजेवरचं उपकरण, त्यामुळे धातूपाशी चटका बसू शकतो), मग विचारायचं, कोणाच्या हातात देऊ, तुम्हीच काढता का? एका बाईने मला विचारलं होतं, हळदीचा दोरा बांधला तर चालेल का, ओटीवाले हो म्हणाले, दोन मिनिटांचं काम.

स्वतःच्या चुका सांगा, लाजू नका. मी एकदा सलाईन लावताना बाळाच्या मनगटातला काळा दोरा न विचारता कात्रीने कापला, आई एक शब्द बोलली नाही, संध्याकाळी बेड रिकामा. फाईलवर डामा (डॉक्टरांचा सल्ला डावलून गेले) लिहिलं आणि विषय संपला, माझ्या डोक्यातून मात्र गेला नाही.

मेळघाटात पोस्टिंग असेल तर आधी आशाताईंकडून तिथल्या कोरकू आदिवासींच्या भाषेतली चार वाक्यं घ्या, ती भाषा मराठीच्या कुळातली नाही, अंदाजाने कळत नाही. "भूमकाकडे जाऊन आलात का, त्यांनी काय केलं?" हे साध्या आवाजात विचारायचा सराव घ्या (भूमका म्हणजे तिथला पारंपरिक वैदू, उपचार म्हणून चटके देणारा), कारण ओरडलं की बाळाच्या पोटावरचे चटके आई पदराखाली लपवणार. चटके चालवून घ्यायचे असं कोणी म्हणत नाहीये हां, पण आधी जखम बघा, मग बोला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेने गोंड आदिवासींना विचारून दवाखाना झोपड्यांसारखा बांधला, ते उदाहरणही इथे सांगून टाका.

मार्क कशाला द्यायचे? उत्तराला नको, प्रश्नाला द्या. केअर प्लॅनमध्ये एक चौकट वाढवा, "पेशंट काय म्हणाला, त्याच्याच शब्दात". पोरं तिथे "पेशंट कोऑपरेटिव्ह आहे" लिहितात, ते खोडा आणि परत वॉर्डात पाठवा.