बडोद्यातील चित्रे हौशी चित्रकाराने कशी पाहावीत

गेल्या तीन महिन्यांत बडोद्यातील चित्रसंग्रहांना मी सहा वेळा भेट दिली. पहिल्या दिवशी कमाटीबागेतील संग्रहालय एकाच दुपारी सगळे पाहून टाकले, आणि घरी येऊन कोरा कागद समोर घेतला तेव्हा एकाही चित्राची रचना नीट आठवेना. त्यानंतर पाहण्याची जी पद्धत हळूहळू हाती आली, ती नोकरी सांभाळून रविवारी रंग काढणाऱ्यांच्या उपयोगी पडावी म्हणून येथे लिहीत आहे.

घरून निघतानाच एक प्रश्न ठरवून निघावे, आणि तो आपल्या अडलेल्या चित्रातूनच आलेला असावा. साडीच्या चुण्यांतील सावली माझ्या हातून नेहमी काळपट आणि निर्जीव होते. हा प्रश्न घेऊन मी लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातील महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात गेलो. राजा रविवर्मा यांनी सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने केलेल्या चित्रांचा मोठा संग्रह तेथे आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी रविवर्मा प्रथम पाहिले ते जुन्या घरांच्या भिंतींवरील छापील चित्रांत. त्यामुळे मूळ तैलचित्रापुढे उभे राहिल्यावर डोळा आधी ती ओळखच शोधत राहतो. ती ओसरेपर्यंत वही न उघडता नुसते उभे राहावे. मला एका चित्रापुढे दहा मिनिटे लागली आणि ती वाया गेली असे मला वाटत नाही.

मग अंतर बदलावे. लांब उभे राहून डोळे किलकिले केले की बारकावे विरघळतात आणि उजेड, मध्यछटा व अंधार असे तीनच भाग उरतात. हे भाग काडेपेटीएवढ्या चौकटीत पेन्सिलीने भरावेत. चेहरे, दागिने, बोटे यांच्या वाटेला जाऊ नये. त्यानंतर रखवालदाराची हरकत नसेल तेवढे जवळ जावे, आणि चकाकी आड येत असेल तर बाजूला सरकून तिरपे पाहावे. ज्या चुण्यांसाठी मी गेलो होतो, त्यांच्या सावलीत मला काळा रंग दिसला नाही. तेथे वस्त्राचाच रंग अधिक गडद होऊन तपकिरीकडे झुकलेला होता. दुरून धागा न् धागा विणल्यासारखा वाटणारा जरीचा काठ जवळून पाहिला, तर पिवळसर पट्ट्यावर ठेवलेल्या मोजक्या फिकट ठिपक्यांचा निघाला. रंगांची टिपणे आपल्याकडे असलेल्या ट्यूबांच्याच नावांनी करावीत. 'यलो ऑकर, थोडा बर्न्ट सिएना' एवढी ओळ घरी आल्यावर छायाचित्रापेक्षा अधिक कामी येते, कारण मोबाइलमध्ये सावल्यांचे रंग हमखास बदलतात.

कमाटीबागेतील चित्रदालनात युरोपीय तैलचित्रे आहेत. इमारत १९१४ साली पूर्ण झाली, पण महायुद्धामुळे चित्रे येण्यास विलंब झाला आणि दालन १९२१ साली खुले झाले. येथे एक सावधगिरी बाळगावी. जुन्या तैलचित्रांवरील वार्निश काळाने पिवळे पडते, आणि तो पिवळेपणा चित्रकाराचाच समजून आपण आपल्या कॅनव्हासवर उतरवू लागतो. म्हणून चित्रातील पांढऱ्या वस्त्राकडे आधी पाहावे. तेच मधासारखे दिसत असेल, तर बाकीचे रंगही त्याच हिशेबाने मनात थंड करून घ्यावेत.

कीर्तिमंदिरात, म्हणजे गायकवाड राजघराण्याच्या स्मारकात, मात्र छायाप्रकाशाचा प्रश्न घेऊन जाऊ नये. नंदलाल बोस यांनी तेथील चार भिंतींवर गंगावतरण, मीराबाईचे जीवन, रवींद्रनाथ टागोरांचे नाटक 'नटीर पूजा' आणि महाभारतातील युद्ध रंगवले आहे. त्या चित्रांत वस्तूला उठाव येतो तो मुख्यतः रेषेमुळे. एखादी रेषा कोठे जाड होते, कोठे बारीक होते आणि कोठे हात उचलला असावा, हे बोट हवेत फिरवून तिच्या मागोमाग जात पाहावे. प्रत्येक संग्रहाला त्याचा स्वतःचा प्रश्न विचारावा लागतो, हे मला तेथे प्रथम उमगले. रेषेचीच ओढ असेल त्यांनी रावपुऱ्यातील तांबेकर वाड्यातली मराठा काळची भित्तिचित्रेही पाहून यावीत.

इंदूरला जन्मलेले चित्रकार ना. श्री. बेंद्रे यांनी जेथे शिकवले, त्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला विद्याशाखेतील विद्यार्थ्यांची प्रदर्शनेही चुकवू नयेत. तेथे चित्र काढणारा बहुधा जवळच उभा असतो आणि कोणता रंग आधी लावला हे त्याला थेट विचारता येते.

साप्ताहिक सुट्टी आणि रेखाटनाची परवानगी यांची चौकशी आधी करावी. ओले रंग कोठेही नेऊ नयेत. एका भेटीत तीनच चित्रे पाहावीत, आणि त्यांतील एकाची रचना त्याच रात्री, वही न उघडता, आठवून काढावी. जेथे हात थांबतो, तेथे आपण पाहिलेलेच नसते. माझा हात साडीच्या डाव्या निऱ्यांशी थांबला आहे. येत्या रविवारी तेवढ्याच निऱ्या पाहण्यासाठी मी पुन्हा फत्तेसिंह संग्रहालयात जाणार आहे.